धाकटीचं वकीलपत्र

आत्याला धाकटी आवडत नव्हती, आणि नेमकं म्हणूनच धाकटीचं वकीलपत्र तिच्या गळ्यात पडलं.

धाकटी म्हणजे कुणी मुलगी नव्हे. आत्या होती लिफ्ट चालवणारे कंट्रोलर बनवणाऱ्या तीस माणसांच्या एका कंपनीत. तिथला सगळा प्रोग्राम संगणकाच्या ज्या जुन्या भाषेत लिहिलेला होता तिला सगळे थोरली म्हणत, आणि गेल्या चार-पाच वर्षांत जिचा बोलबाला झाला होता ती नवी भाषा म्हणजे धाकटी. दोघीही यंत्राशी थेट बोलणाऱ्या. मोटर फिरव, ब्रेक लाव, दार उघड, असली कामं करवून घेणाऱ्या. फरक स्वभावाचा. थोरली तुम्ही सांगाल ते मुकाट्याने करते, मग ते चुकीचं का असेना. धाकटी आधी दहा शंका काढते आणि त्यांचं निरसन झाल्याशिवाय कामाला हात लावत नाही.

कंट्रोलरचं नवं मॉडेल यायचं होतं. त्याचा प्रोग्राम धाकटीत नव्याने लिहावा असं भाचीचं म्हणणं. ही आत्याच्या सख्ख्या भावाची मुलगी, शिकायला म्हणून आत्याच्या घरी आली ती तिथेच राहिली आणि त्याच कंपनीत चिकटली. ती 'आत्या' म्हणे म्हणून मालकापासून दारवानापर्यंत सगळेच आत्या म्हणू लागले. आणि आत्याचं म्हणणं असं, की वीस वर्षं आपण स्वतःच्या हाताने लिहिलेला, घासूनपुसून लख्ख केलेला प्रोग्राम कपाटात टाकायची काही एक गरज नाही.

आता इतर कुठे असता तर हा वाद जेवणाच्या सुट्टीत चालला असता आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकला असता. पण या कंपनीत वादाची एक रीत होती. फार पूर्वी मालक आणि त्याचा भागीदार कुठल्याशा मोटरवरून तीन महिने भांडले. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याचं एक वाक्य पुरतं ऐकलं नाही. तेव्हापासून नियम झाला, की ज्याला जे नको असेल त्याने त्याचीच बाजू मांडायची. तयारीला दोन आठवडे. ऐकायला स्टोअरपासून रिसेप्शनपर्यंत झाडून सगळे. आणि तोवर दोन्ही वकिलांनी एकमेकांशी त्या विषयावर चकार शब्द काढायचा नाही.

हा शेवटचा नियम एका घरात राहणाऱ्यांसाठी केलेला नव्हता, हे उघड आहे. आत्या आणि भाची पंधरा दिवस समोरासमोर बसून जेवत होत्या आणि गच्चीवरच्या टाकीबद्दल बोलत होत्या. एरवी त्या टाकीकडे दोघींपैकी कुणी ढुंकूनही बघत नसे.

आत्याचा एक गुण म्हणा, खोड म्हणा. तिला एखादी गोष्ट नापसंत असली तरी ती कशी चालते हे बघितल्याशिवाय चैन पडत नसे. शेजाऱ्यांनी आणलेलं कपडे धुवायचं यंत्र तिने नावं ठेवत ठेवत पूर्ण उघडून बघितलं होतं. तेव्हा पहिल्या दिवशी नाक मुरडून तिने धाकटीचं पुस्तक हातात घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की चहा गार होऊन गेला आहे.

धाकटीचा मूळ नियम साधा होता. माहितीच्या कुठल्याही तुकड्याला एका वेळी एकच धनी. वाचायला पन्नास जण आले तरी चालतील, पण बदल करायचा तर तो एकट्यानेच, आणि त्या वेळी बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. हा नियम मोडला, तर लिहिलेल्या प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर तुमचा कागद तोंडावर परत फेकतो. लिफ्टपर्यंत गोष्ट जातच नाही.

"शिस्तीची आहे पोरगी," आत्या स्वतःशीच म्हणाली. तिने स्वतः हा नियम वीस वर्षं डोक्यात ठेवून पाळला होता. कुणी तरी तो टेबलावर मांडून ठेवलाय याचं तिला हसू आलं आणि थोडं बरंही वाटलं.

नुसत्या वाचनाने वकिली होत नाही, म्हणून दुसऱ्या आठवड्यात तिने आपल्याच प्रोग्राममधला एक लहानसा तुकडा धाकटीत उतरवायला घेतला. तीनशे ओळी. केबिन जमिनीपासून किती उंचीवर आहे त्याचा आकडा सांभाळणारा भाग. तो आकडा दोन ठिकाणांहून लिहिला जाई. केबिन चालत असताना मोजचाक फिरे आणि चालीचा भाग आकडा बदलत जाई. केबिन मजल्यावर उभी राहून दार मिटायला लागलं की दाराचा भाग तोच आकडा उचली आणि दार पुरतं मिटलं की पुढच्या फेरीसाठी पुन्हा नोंदून ठेवी. इतकं सोपं, की आत्याने ते जेवणाआधी आटपायचं ठरवलं.

कंपायलर नाही म्हणाला. या आकड्याला दोन धनी आहेत.

आत्याने मांडणी बदलली. तो नाही म्हणाला. तिने सहा तऱ्हेने समजावलं, गोडीगुलाबीने घेतलं, शेवटी ओळीच्या ओळी खोडून पुन्हा लिहिल्या. तो आपला ढिम्म. बरं, बोलतो मात्र अदबीने. अमुक ओळीत तुम्ही हे दिलंत, तमुक ओळीत तेच पुन्हा दुसऱ्याला देताय, बघा बुवा. आत्याला वाटलं, या नाकाने कांदे सोलणाऱ्याला एकदा लिफ्टच्या खड्ड्यात उतरवून दाखवावं.

"अरे, दोघं एका वेळी येतच नाहीत ना," ती पडद्याला म्हणाली. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

धाकटीत यावर एक पळवाट आहे. तुमची अगदी खात्री असेल तर तेवढ्या ओळींभोवती चौकट घालून सांगता येतं, की इथे तू बघू नकोस, जबाबदारी माझी. मग ती गप्प बसते. पण धाकटी वापरणाऱ्यांत एक पद्धत पडून गेलेली आहे. चौकट घातली की वर एका ओळीत कारण लिहायचं, साध्या माणसांच्या भाषेत. आत्याला पद्धती मोडायला आवडत नसे. तिने चौकट घातली आणि वर लिहायला सुरुवात केली: 'केबिन हलत असताना दाराचा भाग कधीही चालत नाही, कारण'

आणि तिथे ती अडली.

कारण काय? कारण केबिन थांबल्याशिवाय दार उघडत नाही. बरोबर. पण दार उघडल्यावर केबिन हलत नाही, हे कशावरून? हे तिला माहीत होतं. कसं माहीत होतं, ते आठवेना. तिने खुर्ची मागे सारली आणि ती खाली स्टोअरमध्ये फिटरला विचारायला गेली. लिफ्टमध्ये खरोखर काय घडतं हे त्या इमारतीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

फिटरला स्टोअरमध्ये बसवून चार वर्षं झाली होती. त्याआधी बावीस वर्षं त्याने शहरभर लिफ्ट उभ्या केल्या. मग एका आठ मजली इमारतीत एक लिफ्ट सातव्या मजल्याच्या वीतभर खाली थांबली आणि तिने दार उघडलं. एक निवृत्त शिक्षिका बाहेर पाऊल टाकताना ठेचकाळून पडल्या. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. फिटर त्याच इमारतीत दुसऱ्या लिफ्टवर काम करत होता, तो सगळ्यांत आधी पोचला. नंतर मापं घेतली तर लिफ्ट सगळ्या मजल्यांवर सुतासारखी बरोबर थांबत होती. मोजचाकाचा नट घट्ट होता. म्हणजे आधी ढिला असणार आणि याने घाईघाईने आवळला असणार, असा निष्कर्ष निघाला. 'मी नटाला हात लावला नाही,' एवढंच तो म्हणत राहिला. आत्याने दोन दिवस आपला प्रोग्राम वरच्या टेबलावरच्या नमुना-लिफ्टवर चालवून पाहिला आणि लिहून दिलं, की प्रोग्राममध्ये दोष आढळला नाही. त्या दिवसापासून तो तिला आत्या म्हणायचा थांबला.

फिटर खोक्यांना चिठ्ठ्या चिकटवत होता.

"फिटर, एक बावळट प्रश्न विचारू का?"

"विचारा की मॅडम. स्टोअरमध्ये शहाणे प्रश्न येतात कुठे."

"लिफ्ट मजल्यावर उभी आहे, दार उघडं आहे. त्या वेळी केबिन हलू शकते का?"

फिटर हसलाच. "हलू शकते का? रोज हलते. दोर ताणतो ना. आठ माणसं एकदम उतरली की केबिन बोटभर वर येते. चढली की बोटभर खाली बसते. मग मोटर गपचूप तिला मजल्याशी सावरून घेते. उंबऱ्याकडे बघत उभं राहिलं की दिसतं."

"मोटर सावरते? आपली?"

"आता काय सांगावं! तुम्हीच नाही का घातलंत ते प्रोग्राममध्ये, सहा वर्षांपूर्वी? दवाखान्यांतल्या स्ट्रेचरची चाकं अडकतात म्हणून मीच तर मागितलं होतं."

आत्याला आठवलं. दोन दिवसांचं काम. वेगळ्या फाइलमध्ये लिहिलेलं, चालीच्याच भागाला हाक मारणारं. चाललं, लोक खूश झाले, आणि ती विसरून गेली. तिच्या डोक्यातली लिफ्ट मात्र त्याआधीची होती. उभी असली की उभीच असणारी.

"आणि ती सावरत असतानाच दार मिटायला लागलं तर?" तिने विचारलं. अजून ती नुसत्या कुतूहलानेच विचारत होती.

"लागतंच की. गर्दीच्या वेळी हटकून."

"मग दाराचा भाग आपल्याकडचा जुना आकडा नव्यावर लिहिणार," आत्या हळूहळू म्हणाली. "बोटभर सावरलेलं हरवलं. पण तळमजल्याला चुंबक आहे. तिथे आली की आकडा पुन्हा शून्यावर येतो, चूक पुसली जाते. म्हणून कधी कळलं नसेल. जोवर ती तळमजल्याला येते तोवर..."

फिटरच्या बोटाला चिठ्ठी चिकटलेली होती. ती त्याने सोडवली नाही.

"त्या दिवशी वरच्या मजल्यांवर परीक्षा होती," तो म्हणाला. "तळमजल्याचं बटण बंद करून ठेवलं होतं, बाहेरची माणसं येऊ नयेत म्हणून. सकाळपासून लिफ्ट चौथ्या ते आठव्यात फिरत होती. खच्चून भरून." मग तो म्हणाला, "खाली मीच आणली, किल्ली लावून. बाईंना बाहेर काढायला."

आता आत्याच्या लक्षात आलं. जखमी बाईला खाली आणण्यासाठी लिफ्ट तळमजल्याला आली, चुंबकाजवळून गेली आणि चूक पुसली गेली. फिटरने जे योग्य ते केलं आणि त्यामुळेच त्याचा एकुलता एक पुरावा गेला. आणि ती स्वतः? तिची ती दिमाखदार नमुना-लिफ्ट. तिचा दोर दोन हात लांबीचा. तिच्यात ना कुणी चढत होतं ना कुणी उतरत होतं. तो दोर जन्मात ताणला नसता.

"वर या," ती म्हणाली. "येताना थोडे नट घ्या. पिशवीभर."

संध्याकाळी पाचच्या सुमाराला दोघांनी नमुन्याच्या दोराला स्प्रिंग जोडली. फिटर केबिनमध्ये पिशवी ठेवी आणि दार मिटता मिटता उचलून घेई. आत्या फक्त वरच्या मजल्यांची बटणं दाबत होती. दहाव्या फेरीपर्यंत काही दिसलं नाही. पंचविसाव्याला केबिन खुणेच्या बोटभर खाली उभी राहिली. चाळिसाव्याला चार बोटं खाली, आणि दार उघडलं, आणि पडद्यावर अक्षरं आली: मजला बरोबर.

फिटर त्या अक्षरांकडे बघत राहिला. आत्या त्याच्याकडे बघू शकली नाही.

"उद्या अकराला वादात सगळ्यांसमोर सांगते," ती म्हणाली.

"बघू," फिटर म्हणाला आणि नटांची पिशवी घेऊन खाली गेला.

आत्याने आधी सर्व्हिसवाल्यांना फोन लावला आणि कंपनीची शहरातली प्रत्येक लिफ्ट दर दहा मिनिटांनी तळमजल्याला आलीच पाहिजे अशी सेटिंग करायला बसवलं. कारण विचारलं तेव्हा उद्या सांगते म्हणाली. मग ती घरी गेली आणि भाचीशी टाकीबद्दलही बोलली नाही.

सकाळी आरशासमोर केस विंचरताना तिच्या मनात ते आलंच, ते लपवण्यात अर्थ नाही. थोरलीत तीन ओळी घातल्या की हा दोष कायमचा जातो. आज दुपारी घालता येतील. कुणाला कळणार? फिटरला. आणि फिटरचं ऐकतंय कोण? विचार आला तसा तिला स्वतःचा इतका संताप आला, की कंगवा आपटून ती तशीच निघाली.

अकराला सगळे जमले. मागे भिंतीला टेकून फिटर उभा होता, स्टोअरची किल्ली हातात घेऊन. पहिली पाळी भाचीची, थोरलीच्या बाजूने. आणि पोरगी बोलली मात्र झकास. स्वतःला जे नको होतं त्याचं तिने असं गुणगान केलं की मालक पुढे सरकून बसला. धाकटी येणारी माणसं शोधून मिळत नाहीत, ती म्हणाली. शिकायला सहा महिने जातात, आणि त्या काळात जुन्या लिफ्ट कोण सांभाळणार? तपासणीवाले थोरलीला ओळखतात, धाकटीसाठी सगळे कागद नव्याने लागतील. पुन्हा लिहिताना जुन्या चुका जातील, पण नव्या येतील त्यांचं काय?

"आणि शेवटचं," असं म्हणून तिने दोषांची नोंदवही उघडली. "वीस वर्षं. या प्रोग्राममुळे झालेले अपघात, शून्य. एकूण अपघात एक, तोही फिटिंगच्या चुकीने. ज्या भाषेत आत्याने हे लिहिलं, ती आपण का सोडायची?"

टाळ्या पडल्या. भाचीने आत्याकडे बघून डोळा मिचकावला. मनापासून मिचकावला, कारण तिचा आत्यावर जीव होता आणि हा मुद्दा तिने भेट द्यावी तसा शोधून आणला होता.

आत्या उठली. तिच्या हातात चार पानांची टिपणं होती, ती तिने खुर्चीवर ठेवली.

"ती नोंद खोटी आहे," ती म्हणाली. "अपघात माझ्या प्रोग्राममुळे झाला. काल मी आणि फिटरनी तो वरच्या टेबलावर पुन्हा घडवून बघितलाय. नट ढिला नव्हता. फिटर खरं बोलत होते."

मग तिने सगळं सांगितलं. ताणणारा दोर, सहा वर्षांपूर्वीची दोन दिवसांची फाइल, हरवणारं बोटभर अंतर, परीक्षेचा दिवस, तळमजल्याचं चुंबक. तिने एकही पायरी गाळली नाही. भाचीचा चेहरा उतरला होता. वही तिने मिटून छातीशी धरली होती.

मग मालकाने विचारलं, "म्हणजे चार वर्षं जे आपल्याला सापडलं नाही ते धाकटीने शोधून काढलं?"

"नाही," आत्या म्हणाली. "तिचं वकीलपत्र घेतलंय म्हणून खोटं बोलणार नाही. धाकटीला लिफ्ट म्हणजे काय ते माहीत नाही. दोर ताणतो हे तिला कसं कळणार? ते फिटरना माहीत होतं. आणि ही चूक थोरलीतसुद्धा तीन ओळींत दुरुस्त होते. धाकटीने एवढंच केलं की मी 'मला माहीत आहे' म्हटल्यावर ती 'कशावरून' म्हणाली. थोरली मला तसं कधी म्हणाली नाही. खरं सांगायचं तर मला तसं कुणीच म्हणत नव्हतं."

मालकाने मान हलवली आणि वळून मागे बघितलं. त्याचाही चेहरा पडला होता. शेवटी फिटरला स्टोअरमध्ये बसवण्याच्या कागदावर सही त्याची होती. "फिटर, आम्ही सगळ्यांनीच... उद्यापासून तुम्ही साइटवर. आणि ती नोंद आत्ता, सगळ्यांसमोर..."

"ते होईल," फिटर म्हणाला. तो भिंतीपासून पुढे आला. "मला आधी एक विचारायचंय. वादात कुणीही विचारू शकतं ना?"

"विचारा."

तो मालकाकडे न बघता आत्याकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असावं तसा तो बोलला. "काल तुम्ही खाली आलात, मला विचारलंत. ही धाकटी जर मध्ये आडवी आली नसती, तर आला असता का? आणखी चार वर्षांनी? कधीतरी?"

हो म्हणणं सोपं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते हवं होतं, भाचीला तर सगळ्यांत जास्त. आत्याने खरोखर विचार करून पाहिला. चार वर्षं ती रोज सकाळी स्टोअरच्या दारावरून जिना चढत होती.

"नसते आले," ती म्हणाली.

फिटरने मान डोलावली. उत्तर त्याला पटलेलं दिसलं.

"मग घ्या त्या धाकटीला," तो मालकाला म्हणाला, आणि स्टोअर उघडायला खाली गेला.